फट दिसली म्हणून लगेच बुजवू नका!

पुण्या-नाशकाकडच्या फ्लॅटमध्ये लाकडी फ्लोअरिंग असेल, तर एप्रिल-मेच्या रात्री तुम्ही हा आवाज ऐकला असेल. सगळीकडे सामसूम झाली की जमीन मध्येच ‘टक्क’ करून वाजते. सकाळी बघावं तर दोन फळ्यांच्या मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट! घर भाड्याचं असेल तर पहिला विचार येतो तो डिपॉझिटचा. मग सुताराला फोन. तो येतो, भुसा आणि फेविकॉल कालवतो, फटी भरतो, वरून पॉलिशचा हात मारतो. जमीन एकदम नवी दिसायला लागते.

आणि खरी गडबड इथेच होते.

झाड कापलं, फळी झाली, पॉलिश लागलं तरी लाकूड हवेतला ओलावा घेणं-सोडणं थांबवत नाही. ओलावा घेतला की फुगतं, सोडला की आक्रसतं. लांबीत हा फरक नगण्य असतो, सगळा खेळ रुंदीत. म्हणून फटी कायम फळ्यांच्या लांब कडेने दिसतात. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ६ टक्के ओलावा राहतो, ८० टक्के झाली की तो हळूहळू १६ टक्क्यांकडे जातो. आता पुण्याची हवा आठवा. एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतात आणि ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. फ्लोअरिंग हे दोन्ही ऋतू त्याच जागी पडून सोसतं.

थोडा हिशोब करू. फळीतला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला, तर १२ सेंटीमीटर रुंदीची सागाची फळी साधारण एक मिलिमीटरने कमी-जास्त होते. त्यात काय एवढं? पण तीन मीटरच्या खोलीत अशा २५ फळ्या असतात. म्हणजे सगळे मिळून अडीच सेंटीमीटरच्या वर. आणि साग तसा शहाणा, कमी हलणारा. ओक असेल तर जवळपास दुप्पट धरा.

उन्हाळ्यातली फट ही पावसाळ्यात फुगायला ठेवलेली जागा असते. ती भुशाने ठासून भरली की जुलैमध्ये फळ्यांना सरकायला वावच उरत नाही. मग त्या एकमेकींना रेटतात, कडा चेपतात, क्वचित अख्खी रांग तंबूसारखी वर उचलली जाते. पुढच्या उन्हाळ्यात चेपलेली कडा पूर्ववत होत नाही, त्यामुळे फट आधीपेक्षा मोठी! वर जाड पॉलिशचं आणखी एक नाटक. ते फटीत उतरून पाच-सहा फळ्यांना एकत्र चिकटवतं. मग सहा ठिकाणी वाटली गेली असती ती आक्रसण एकाच जागी उघडते किंवा फळीच उभी चिरते.

म्हणून फट आणि तडा यात गल्लत नको. दोन फळ्यांच्या मधली जागा पावसाळ्यात मिटत असेल, तर ती फट. तिला हात लावू नका. फळीच्या अंगातच रेषेला धरून चीर गेली असेल, तर तो तडा. तो आपोआप जात नाही. ओळखायचं कसं? एकाच जागेचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, मेमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये एक फोटो काढा. घरमालकाशी बोलताना हेच फोटो कामाला येतील.

त्याआधी एक तपासणी मात्र करा. तुमची जमीन लाकडाची आहे ना? बऱ्याच फ्लॅटमध्ये असतं ते लॅमिनेट, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटावर लाकडाचा छापील फोटो. चार-पाच फळ्यांवर तीच गाठ, तसाच डाग पुन्हा दिसला, तर छापीलच समजा. त्याला सहसा तडे जात नाहीत, पण सांध्यात पाणी गेलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. तिथे फळी बदलणं हाच उपाय.

मुंबईकरांचं गणित वेगळं. तिथे मेमध्ये हवा दमटच असते, पण रात्रंदिवस एसी लावलेली बेडरूम कोरडी पडते. एकाच घरात हॉलमधली जमीन ठीक आणि बेडरूममधली फटफटलेली, असं दिसलं तर आधी एसीकडे बघा. काही शे रुपयांत हायग्रोमीटर मिळतो, तो खोलीत ठेवा. काटा ३५ ते ५५च्या मध्ये असेल तर लाकूड खूश. पावसाळ्यात आपल्याकडे हे शक्य नाही, पण निदान उन्हाळ्यात एकदम खाली जाऊ देऊ नका. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा.

पुसण्याबद्दल घरी वाद होणार, तयारी ठेवा. बादलीभर पाणी, फिनेल आणि निथळणारा पोछा लाकडाला चालत नाही, स्टीम मॉप तर नाहीच नाही. मऊ केरसुणीने झाडा आणि घट्ट पिळलेल्या, जवळपास कोरड्या फडक्याने पुसा. पाणी सांडलं तर लगेच टिपा. खालून ओल लागली की फळीच्या कडा उचलून ती पन्हळीसारखी होते. अशी जमीन लगेच घासून सपाट करायला कुणी सुचवलं, तर थांबवा. आधी गळती शोधा, फळी पूर्ण वाळू द्या. ओली असताना कडा घासल्या, तर वाळल्यावर मध्ये फुगवटा राहतो.

नवं फ्लोअरिंग बसवून घेणार असाल, तर पावसाळ्यात ताबा मिळालेल्या कोऱ्या इमारतीत घाई नको. स्लॅब वाळायला इंचाला साधारण महिना लागतो. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन जमिनीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि २४ तासांनी उचला. खाली थेंब दिसले किंवा सिमेंट काळपट झालं असेल, तर काम पुढे ढकला. फळ्यांचे खोके आधी काही दिवस त्याच खोलीत ठेवायला सांगा. आणि भिंतीलगत ८ ते १२ मिलिमीटर जागा सोडलीये ना, हे स्कर्टिंग लागायच्या आत स्वतः वाकून बघा. एकदा पट्टी ठोकली की ते दिसत नाही.