शून्य म्हणजे यश

संगणकावरील प्रत्येक आज्ञा संपताना तिला चालवणाऱ्या प्रोग्रामकडे एक आकडा परत करते, त्याला एक्झिट कोड म्हणतात. युनिक्सच्या परंपरेत 0 म्हणजे काम फत्ते आणि 1 ते 255 म्हणजे बिघाड, कारण यश एकाच तऱ्हेचे असते, अपयशाची कारणे मात्र अनेक. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये लिहिलेले ‘मेक’ हे सॉफ्टवेअर-बांधणीचे, म्हणजे बिल्डचे साधन हा आकडा पाहूनच थांबते. साधी शेल-स्क्रिप्ट मात्र मधली आज्ञा फसली तरी पुढची ओळ चालवत राहते, म्हणून आरंभी ‘सेट -ई’ लिहावे लागते.

तेवढेही पुरत नाही. ‘मेक’चा मजकूर पाइपने ‘टी’ या आज्ञेकडे देऊन फाइलमध्ये नोंदवला, तर शेल शेवटच्या आज्ञेचाच कोड ग्राह्य धरते. बांधणी कोसळलेली असते, पण ‘टी’ने आपली नोंद नीट केल्यामुळे 0 मिळतो, आणि मुरगूडमध्ये वेदगंगेकाठच्या घरातून काम करणाऱ्या प्रोग्रामरला पडद्यावर हिरवी खूण दिसते. यावर ‘पाइपफेल’ हा पर्याय आहे.

याहून घातक चूक आकडेमोडीची आहे: कोडचे फक्त आठ बिट राखले जात असल्याने, फसलेल्या चाचण्यांची संख्याच कोड म्हणून परत करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नेमक्या 256 चाचण्या फसल्या, तर उत्तर 0 येते. म्हणून, कितीही चाचण्या फसल्या तरी, 1 परत करणेच योग्य.