सायकलची रिम घेताना

गटातल्या आम्ही काही जणी सायकलने पंढरपूरला जाणार आहोत. सामान मागच्या कॅरिअरवर, म्हणून आधी मागचं चाक तपासलं.

लोखंडी रिम मजबूत, पण जड. ती गंजते, आणि पावसात ओली झाली की ब्रेकचे रबर घसरतात. घाटाच्या उतारावर हे जिवावर बेतू शकतं. अ‍ॅल्युमिनियमची रिम हलकी. ओल्यातही ब्रेक बरा लागतो. मात्र फार हलकी घेऊ नका, ओझ्याने वाकेल. दुपदरी, म्हणजे डबल वॉलची घ्या.

हबची भोकं मोजा. काही सायकलींना पुढे ३२, मागे ४० असतात. रिमलाही तितकीच हवीत. टायरवरचा आकडाही जुळवा.

नव्या चाकाच्या तारा सैल पडतात. आठवडाभर चालवून चाकाचा आउट पुन्हा काढून घ्या, मगच सामान बांधा.