विश्लेषण : झुंज नाकारणारा बैल मुलांना आजही आपला का वाटतो?

एका बैलाला झुंज नको असते, त्याला झाडाखाली बसून फुलांचा वास घ्यायचा असतो. ‘द स्टोरी ऑफ फर्डिनंड’ या अमेरिकी चित्रपुस्तकाची गोष्ट इतकीच. तरीही स्पेनमध्ये त्यावर बंदी आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेच पुस्तक जर्मनीतील मुलांच्या हाती मुद्दाम देण्यात आले. असे काय आहे या गोष्टीत?

गोष्ट नेमकी काय?

मन्रो लीफ यांनी आपले चित्रकार मित्र रॉबर्ट लॉसन यांच्यासाठी ही गोष्ट तासाभरात लिहून काढली, असे सांगितले जाते. स्पेनमधल्या कुरणात इतर वासरे उड्या मारतात, एकमेकांना टकरा देतात. फर्डिनंड मात्र एकटाच झाडाखाली बसतो. पुढे माद्रिदहून झुंजीसाठी बैल निवडायला माणसे येतात आणि नेमका त्याच वेळी फर्डिनंड मधमाशीवर बसतो. डंखामुळे तो उधळतो आणि पाहणाऱ्यांना वाटते, याच्याइतका खुनशी बैल दुसरा नाही! रिंगणात उतरल्यावर त्याला प्रेक्षक स्त्रियांच्या केसांतली फुले दिसतात. तो मधोमध बसकण मारतो आणि काही केल्या उठत नाही. अखेर त्याला घरी परत पाठवावे लागते.

लॉसन यांची चित्रे कृष्णधवल आहेत, पण खट्याळ. बुचाचे लाकूड झाडाच्या सालीपासून मिळते. चित्रातल्या झाडाला मात्र बाटलीची बुचे फळांसारखी लगडलेली आहेत.

वाद कशामुळे झाला?

पुस्तक आले सप्टेंबर १९३६ मध्ये. त्याच्या दोनच महिने आधी, जुलैत, स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. त्यामुळे लढायला नकार देणारा स्पॅनिश बैल ही निव्वळ बालकथा राहिली नाही. कोणाला त्यात शांततावाद दिसला, कोणाला साम्यवाद, तर कोणाला फॅसिझमसुद्धा! फ्रँको यांच्या राजवटीत त्यावर बंदी आली. नाझींनीही ते त्याज्य ठरवले. मुलांना हसवण्यापलीकडे आपला हेतू नव्हता, असे लीफ सांगत राहिले. अमेरिकेत मात्र खप वाढतच गेला. डिस्नेने १९३८ मध्ये त्यावर काढलेल्या लघुपटाला ऑस्कर मिळाले. २०१७ मध्ये पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपटही आला.

जर्मन मुलांपर्यंत ते कसे पोहोचले?

नाझी राजवटीत देश सोडावा लागलेल्या ज्यू पत्रकार येला लेपमान १९४५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या सल्लागार म्हणून जर्मनीत परतल्या. मुलांना अन्नाइतकीच पुस्तकांची गरज आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी अनेक देशांकडून बालपुस्तके मागवून १९४६ मध्ये प्रदर्शन भरवले. ‘फर्डिनंड’चा जर्मन अनुवाद त्यांनी स्वतः केला. वर्तमानपत्री कागदावर छापलेल्या त्याच्या ३० हजार प्रती त्या वर्षीच्या नाताळात बर्लिनच्या मुलांना वाटण्यात आल्या. लढणे म्हणजेच पौरुष, असे ज्यांच्या मनावर वर्षानुवर्षे बिंबवले गेले होते, त्या मुलांच्या हाती न लढणारा बैल आला. लेपमान यांच्याच पुढाकाराने १९४९ मध्ये म्युनिचमध्ये आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय सुरू झाले.

इतर ‘वेगळ्या’ नायकांहून फर्डिनंड वेगळा कसा?

वेगळ्या मुलाला आपलेसे करण्याच्या गोष्टींचा एक ठरीव साचा असतो. गदिमांच्या गीतामुळे मराठी घरांत पोहोचलेले अँडरसनचे कुरूप पिल्लू शेवटी राजहंस निघते. १९३९ मधल्या अमेरिकी गोष्टीतल्या रुडॉल्फ या रेनडिअरचे लाल नाक धुक्यात सांताच्या उपयोगी पडते, तेव्हा कुठे हिणवणारे सोबती त्याला मान देतात. म्हणजे आधी सुंदर व्हा किंवा कामाला या, मग आमच्यात या! फर्डिनंड यातले काहीच करत नाही. शेवटीही तो सुरुवातीला होता तसाच असतो.

आईची भूमिका महत्त्वाची का?

मुलाला एकटे वाटेल या काळजीने आई त्याला विचारते की, इतरांबरोबर खेळावेसे वाटत नाही का? त्याचे उत्तर ऐकते आणि तो एकटा असला तरी एकाकी नाही, हे कळल्यावर त्याला त्याच्या जागी राहू देते. गाजलेल्या बंदीपेक्षा हे पान पालकांना अधिक शिकवणारे आहे. आपले मूल ‘कुणात मिसळत नाही’ ही काळजी घरोघरी असते. मुलाला खरोखर एकटे वाटते की त्याला एकांत आवडतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. फर्डिनंडच्या आईने एकदा विचारले, एवढेच. माद्रिदहून परतलेला फर्डिनंड पुन्हा त्याच झाडाखाली बसू शकतो, कारण ती जागा त्याच्यासाठी आधीपासूनच होती.