अंड्याची जर्दी कशाने पिवळी होते?

लिंबागणेशच्या आसपास कुणाच्या घरी अंडे फुटले, की आधी बलकाकडे बघितले जाते. गर्द नारिंगी दिसला तर "गावरान आहे", फिक्कट दिसला तर "फार्मचे दिसते". दुकानात पेटीतले अंडे सहा-सात रुपयांना मिळते आणि गावरान म्हणून विकलेल्या अंड्याला त्याच्या दुप्पट, कधी तिप्पट पैसे मोजावे लागतात. बाळंतीण, अशक्त मूल, आजारातून उठलेले वडीलधारे यांच्यासाठी माणसे हे पैसे आनंदाने देतात. ज्यांना परवडत नाही ते "फार्मच्या अंड्यात काय असते?" म्हणत अंडेच घेत नाहीत. हा दुसरा प्रकार आम्हाला जास्त खटकतो. एका रंगापायी घरातले स्वस्त आणि चांगले अन्न बाद होते. म्हणून त्या रंगाची चौकशी करावी असे वाटले.

आम्ही उर्दू शिकवतो तेव्हा अंड्याच्या पांढऱ्या भागाला 'सफेदी' आणि बलकाला 'जर्दी' म्हणतो. जर्दी म्हणजे पिवळेपणा. भाषेने त्या वस्तूला रंगाचेच नाव दिले आहे. गंमत अशी, की हा रंग कोंबडी स्वतः तयार करू शकत नाही. तो झाडपाल्यात तयार होतो. गाजर, मका, आंबा, झेंडू, लाल मिरची यांना रंग देणाऱ्या द्रव्यांच्या मोठ्या कुटुंबाला कॅरोटिनॉइड म्हणतात. हिरव्या पानांतही ती भरपूर असतात, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेली असतात. त्यातली ल्युटिन आणि झिअॅझँथिन ही दोन पिवळी द्रव्ये कोंबडीच्या खाण्यातून रक्तात आणि रक्तातून बलकात उतरतात. रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९१२ च्या सुमारास हजारो अंड्यांचे बलक गोळा करून त्यातून ल्युटिन वेगळे काढले होते. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा बलकाचा रंग सांगतो तो एवढेच, की कोंबडीने गेल्या दहा-बारा दिवसांत काय खाल्ले. बलक एका रात्रीत भरत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखा थरावर थर चढत साधारण दहा दिवसांत तो पूर्ण होतो. आज खाद्य बदलले तर रंग दोन-तीन दिवसांनी बदलू लागतो आणि दहा-बारा दिवसांत पुरता बदलतो.

आता आपल्या बालाघाटावरच्या वस्तीतली कोंबडी बघा. पावसाळ्यात बांधावर गवत, तरोटा, कोवळी पाने, किडे-अळ्या सगळे मिळते. बलक संत्र्यासारखा होतो. मार्च-एप्रिल उजाडला की रान करपते. कोंबडीला मिळते ती ज्वारी, बाजरी, भाताची शिते आणि भाकरीचे तुकडे. पांढऱ्या ज्वारीत पिवळे द्रव्य फारच थोडे, तांदळात जवळजवळ नाहीच. मग अस्सल गावरान कोंबडीचे अंडेही उन्हाळ्यात फिक्कट निघते. अशा वेळी चार कोंबड्यांवर घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बाईला गिऱ्हाईक तोंडावर सांगते, "खाला, हे फार्मचे आहे." ती बिचारी शपथा घेते. अंडे तिचेच असते, कोंबडीही तीच असते. रानात हिरवे उरलेले नसते, एवढाच फरक.

उलट फार्मचे अंडे गर्द पिवळे करणे मुळीच अवघड नाही. फार्मचे खाद्य मुख्यतः पिवळा मका आणि सोयाबीन पेंडीचे असते. मक्याने बलक मध्यम पिवळा होतो. मका महागला आणि त्याऐवजी तांदळाची कणी किंवा बाजरी घातली की रंग उतरतो. तो भरून काढायला खाद्यात रंगद्रव्याची पूड मिसळतात. जगभर यासाठी सर्वांत जास्त वापर होतो झेंडूचा, दसऱ्याला दाराला बांधतो त्याच फुलाचा. किलोभर पिवळ्या मक्यात पिवळे द्रव्य साधारण वीस मिलिग्रॅम असते, तर झेंडूच्या किलोभर वाळल्या पाकळ्यांत काही हजार मिलिग्रॅम. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत झेंडूचा अर्क काढणारे कारखाने आहेत आणि शेतकरी त्यांच्यासाठी करारावर झेंडू लावतात. लाली हवी असेल तर लाल मिरचीचा अर्क वापरतात.

पाश्चात्त्य देशांत तर रंग मोजायला पट्ट्यांचा पंखा असतो. रोश कंपनीने काढलेल्या पंख्यात फिक्कट पिवळ्यापासून गर्द नारिंगीपर्यंत पंधरा पट्ट्या होत्या. फोडलेल्या अंड्यावर तो धरायचा आणि आकडा वाचायचा. जर्मनीतले गिऱ्हाईक गर्द रंग मागते, म्हणून तिथला व्यापारी खाद्य तसे बेततो. म्हणजे रंग हा पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असतो.

यात धोका काही नाही का? झेंडू, मका, लसूणघास यांच्या रंगाचा नाही. कँथाझँथिन नावाचे लाल द्रव्य कारखान्यात तयार करतात. त्वचा उन्हात रापल्यासारखी दिसावी म्हणून काही लोक त्याच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात खात. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर बारीक स्फटिक साचलेले आढळले. त्यानंतर २००३ मध्ये युरोपीय संघाने अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यातील त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅमवरून ८ मिलिग्रॅमवर आणली. अंडी खाऊन कुणाचे डोळे गेले असा याचा अर्थ नाही. पण रंग वाढवण्यालाही हद्द हवी, हे त्यातून दिसते.

आता मुख्य प्रश्न. गर्द बलक जास्त पौष्टिक असतो का? थोडा, आणि एकाच बाबतीत. ल्युटिन आणि झिअॅझँथिन आपल्या डोळ्यांच्या पडद्याच्या मधोमध, जिथून आपण बारीक अक्षर वाचतो, तिथे साठतात आणि प्रखर उजेडापासून त्याचे रक्षण करतात. पालक-मेथीत ल्युटिन अंड्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. पण अंड्यातले अंगी चांगले लागते, कारण बलकात त्याच्या सोबतीला स्निग्धांश असतो. (मेथी तेलाच्या फोडणीत परतण्याची आपली पद्धत म्हणूनच शहाणपणाची.) उतारवयात डोळ्यांसाठी हा रंग कामाचा आहे. पिल्लांनाही तो लागतो. अंड्यातले पिल्लू बलकावरच वाढते आणि ही द्रव्ये त्याच्या नाजूक पेशींना सांभाळतात. म्हणून उबवायची अंडी हिरवे खाणाऱ्या कोंबडीची असलेली बरी.

पण याच्या पलीकडे रंगाकडून अपेक्षा ठेवू नये. एका अंड्यातली साधारण सहा ग्रॅम प्रथिने फिक्कट बलकातही तेवढीच असतात. पिवळे म्हणजे अ जीवनसत्त्व, असे पुष्कळांना वाटते. ल्युटिन आणि झिअॅझँथिनपासून अ जीवनसत्त्व बनतच नाही. ज्यापासून बनते ते गाजरातले बीटा-कॅरोटिन बलकात फार थोडे उतरते. अंड्यात तयार अ जीवनसत्त्व भरपूर असते, पण त्याचा रंग डोळ्याला जाणवण्याइतका नसतो. फार्मच्या खाद्यात ते वेगळे घातलेले असते. तेव्हा फिक्कट दिसणाऱ्या अंड्यात ते गर्द अंड्याइतके, कधी जास्तही असू शकते. कवचाचा तपकिरी किंवा पांढरा रंग तर केवळ कोंबडीच्या जातीचा. त्याचा आतल्या मालाशी काही संबंध नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस माणशी वर्षाला १८० अंड्यांची आहे. २०२३-२४ मध्ये देशात माणशी १०३ अंडी उपलब्ध होती. ज्या घरात आठवड्याला दोन अंडीही येत नाहीत, तिथे गावरान की फार्म या वादाने मुलाच्या पोटात काही पडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय घेतला. उकडलेले अंडे सोलून फिक्कट बलक दिसला की काही मुले "सर, हे प्लास्टिकचे आहे" म्हणत. ही अफवा मोबाइलवरून घरात आणि घरातून शाळेत आलेली. प्लास्टिकचे अंडे ही निव्वळ अफवा असल्याचे अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही स्पष्ट केले आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून सोय करा असे सांगितले. आमच्या मते ताटातले हे अंडे राहायला हवे होते, फिक्कट का होईना.

आता घरी कोंबड्या असणाऱ्यांसाठी. उन्हाळ्यात रंग टिकवायला बाजारातली पूड आणायची गरज नाही. लसूणघास, शेवग्याचा पाला, हादगा यातले जे मिळेल ते बारीक चिरून रोज मूठ-दोन मुठी टाकावे. दाण्यांत ज्वारीबरोबर थोडा पिवळा मका भरडून द्यावा. दसरा-दिवाळीनंतर भाव पडला की झेंडू बांधावर फेकला जातो. त्यातला फवारणी न केलेला, गर्द नारिंगी झेंडू घ्यावा, पाकळ्या सावलीत वाळवाव्या आणि चुरून डब्यात ठेवाव्या. उन्हात वाळवल्या तर रंग तिथेच उडतो, शेवग्याच्या पाल्याचेही तसेच. किलोभर खाद्याला दोन-तीन ग्रॅम चुरा पुरे. बायका हौसेने हळद घालतात, पण तिचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा नाही. बलकासाठी तिच्यावर विसंबू नये.

आपला भाग कापसाचा, घरात जनावरांसाठी सरकी पेंड असतेच. ती कोंबड्यांपुढे टाकू नये. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याने बलक हिरवट-तपकिरी होतो आणि अंडी ठेवली की ते आणखी उठून दिसते. बुरशी लागलेला मका तर मुळीच नको. त्यातल्या विषाने कोंबडीचे यकृत बिघडते आणि रंगही अंगी लागत नाही. हिरवे भरपूर मिळूनही बलक एकाएकी फिक्कट येऊ लागला, तर कोंबडीच्या पोटात जंत आहेत किंवा रक्ती हगवण सुरू होते आहे असे समजून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. हा आमच्या लेखी रंगाचा सर्वांत मोठा उपयोग आहे. आजार बाहेर दिसण्याआधी तो बलकात दिसू शकतो.

याच रंगावरून अंड्यावरची कोंबडी कोणती आणि नुसते दाणे खाणारी कोणती, हेही ओळखता येते. पिवळ्या पायाच्या कोंबडीचा रंग अंडी घालताना अंगातून उतरून बलकात जाऊ लागतो, आणि त्याला ठरलेला क्रम असतो. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी पांढुरकी होते, मग डोळ्याभोवतीचे कडे, मग कानाची पाळी, मग चोच आणि सर्वांत शेवटी पाय. पाय पांढरे व्हायला सतत अंडी घालत चार-पाच महिने लागतात. कोंबडी खुडूक बसली की रंग त्याच क्रमाने परत येतो. बाजाराला न्यायची कोंबडी निवडताना पिवळीधमक, देखणी कोंबडी घरी ठेवण्याचा मोह होतो. बहुधा तीच अंडी देत नसते. आमच्याकडच्या दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसणाऱ्या गावरानचे पाय क्वचितच पांढरे पडतात, तेव्हा तिचे डोळ्याभोवतीचे कडेच बघावे. काळ्या पायाच्या कोंबडीला आणि कडकनाथला ही परीक्षा लागू नाही.

उकिरड्यावर चरणारी कोंबडी कापण्याआधी तीन दिवस कोंडून स्वच्छ दाणे द्यायचे, हा आपल्याकडचा रिवाज वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. घाण खाणाऱ्या अशा जनावराला फिक्हच्या पुस्तकांत 'जल्लाला' म्हटले आहे आणि हजरत इब्ने उमर (रजि.) अशी कोंबडी तीन दिवस बांधून ठेवत, अशी नोंद आहे. अंड्यासाठी पाळलेल्या कोंबड्यांनाही खुराड्याजवळ स्वच्छ दाणा-पाणी मिळाले, तर त्या उकिरड्याकडे कमी वळतात. दाणे सकाळी थोडे आणि संध्याकाळी जास्त टाकावे, हिरवा पाला दुपारच्या उन्हात सावलीला टांगावा. टांगलेला पाला त्या टोचून टोचून संपवतात, जमिनीवर टाकलेला निम्मा तुडवला जातो.