स्नेपचा खटला

हॅरी पॉटर मालिकेतलं सहावं पुस्तक १६ जुलै २००५ रोजी आलं, सातवं २१ जुलै २००७ रोजी. मधल्या दोन वर्षांत जगभरच्या वाचकांनी सेव्हरस स्नेपवर जो खटला चालवला, तसा कादंबरीतल्या दुसऱ्या कुठल्या मास्तरवर चालल्याचं मला आठवत नाही. मनोऱ्यावर मुख्याध्यापक डंबलडोर विनवणी करतात, स्नेप छडी उगारतो, हिरवा झोत सुटतो. घटना सगळ्यांनी वाचली होती. वाद होता तो हेतूचा. हा माणूस आतून कोणाचा? या प्रश्नाला वाचकांनी दिलेल्या उत्तरांचा आढावा घेताना माझा पक्ष आधीच सांगून टाकतो. स्नेपचा लपलेला हेतू २००७च्या आधीच छापील पानांवरून बराचसा वाचता येत होता. तो वाचायची खरी जागा होती त्याचं शिकवणं. सातव्या पुस्तकानंतर मात्र ‘लिलीवरचं (हॅरीच्या आईवरचं) प्रेम’ या एका उत्तरावर शिक्कामोर्तब झालं आणि वाचकांनी कष्टाने शोधलेलं बरंच काही अडगळीत पडलं.

सुरुवातीच्या तर्कांवर फार रेंगाळण्यात अर्थ नाही. स्नेप रक्तपिशाच आहे, कारण तो वटवाघळासारखा झगा फडकवत चालतो; खरा खलनायक सौम्य स्वभावाचा लुपिन आहे; मनोऱ्यावर मेले ते डंबलडोर नव्हतेच. या सगळ्यांत एक दोष समान होता. त्यांना लागणारा मालमसाला पुस्तकाबाहेरून आणावा लागत होता. आपल्याकडे शकुनीबद्दल असंच झालं आहे. बापाच्या हाडांचे फासे करून त्याने कौरवकुळाचा सूड घेतला, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते, पण व्यासांच्या महाभारतात ती नाही. लोककथा म्हणून तिचं मोल मोठं आहे. पण व्यासांचा शकुनी समजून घ्यायला ती उपयोगी पडत नाही, कारण त्याला नवा हेतू देताना ती त्याच्या मूळच्या कृतींकडे पुन्हा बघायला लावत नाही.

खरा खटला तीन पक्षांत लढला गेला. स्नेप खलनायक व्होल्डेमॉर्टचा, हा पहिला पक्ष. स्नेप स्वतःचाच, वारा येईल तशी पाठ फिरवणारा, हा दुसरा. आणि तो डंबलडोरचाच माणूस, हा तिसरा. ऑगस्ट २००६मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये मालिकेच्या लेखिका रोलिंग, स्टीफन किंग आणि जॉन अर्व्हिंग यांचं वाचन झालं. तिथे सलमान रश्दी मुलासह उभे राहिले आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला. स्नेप चांगला आहे, तेव्हा डंबलडोर मेलेले नसणार, असा त्यांचा रोख होता. रोलिंगबाईंनी त्यांच्या मताला दुजोरा दिला, पण डंबलडोर नक्की मेले आहेत हेही स्पष्ट केलं. या उत्तराने पुष्कळजण गोंधळले. स्नेप निर्दोष ठरायचा तर खून खोटाच असला पाहिजे, असं तोवर दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या. खून खरा आणि निष्ठाही खरी, ही शक्यता थोड्याच जणांनी धरून ठेवली होती, आणि ती त्यांनी निव्वळ बारकाईने वाचून मिळवली होती.

त्यांचं वाचन काय होतं ते सविस्तर सांगायला हवं. मनोऱ्यावर स्नेपच्या चेहऱ्यावर तिरस्कार आणि घृणा उमटते, असं लेखिका लिहिते. वरवर वाचणाऱ्याला वाटतं, हा तिरस्कार डंबलडोरबद्दलचा. पण एकच प्रकरण मागे जा. गुहेत हॅरी डंबलडोरना विषारी काढा पाजतो आहे. ते विव्हळतात, नको म्हणतात, आणि त्यांनीच घालून दिलेल्या आज्ञेपायी हॅरीला पेला पुन्हा त्यांच्या ओठांना लावावा लागतो. त्या क्षणी हॅरीच्या मनात नेमक्या याच दोन भावना आहेत, आणि त्या स्वतःबद्दलच्या आहेत. म्हणजे गुरूच्या शब्दाखातर गुरूलाच इजा करणारा माणूस आतून कसा दिसतो, हे लेखिकेने आधी दाखवलं आणि मग तोच प्रसंग बाहेरून दाखवला. त्याच्या जोडीला हॅग्रिडच्या कानावर पडलेलं भांडण ठेवा: स्नेप म्हणतो की डंबलडोर फार गृहीत धरतात, त्याला आता ते करायचं नाही, डंबलडोर त्याला त्यानेच दिलेल्या शब्दाची आठवण करून देतात. आणि डंबलडोरांचा काळा पडलेला हात. पहिल्या पुस्तकातल्या पहिल्याच तासाला स्नेप वर्गाला सांगतो की मृत्यूलाही बूच मारता येतं. काही वाचकांनी ही गोष्ट उचलली आणि मांडलं की हात काळा करणाऱ्या अंगठीच्या शापाने डंबलडोर आधीच मरणाच्या दारात आहेत, स्नेपने ते मरण फक्त थोपवून धरलं आहे, तेव्हा मनोऱ्यावर त्याने हिरावून घेतलं ते फार थोडं आयुष्य होतं. सातवं पुस्तक आलं तेव्हा हे जवळजवळ जसंच्या तसं खरं निघालं: शाप एका हातात कोंडलेला, मुदत सुमारे वर्षाची. मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, सामान्य वाचकाने केलेल्या समीक्षेचं यापेक्षा सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. स्नेप कोणाचा, याचा पुरावा शोधायला लोक त्याच्या संभाषणांत गेले, बेलाट्रिक्सच्या प्रश्नांना त्याने दिलेल्या उत्तरांचा कीस काढला, नार्सिसाला शपथ देताना त्याचा हात किंचित का हलला यावर वाद घातले. पण दोन धन्यांच्या पदरी असलेला हेर बोलण्यात पकडला जाणारच नाही, तेच तर त्याचं कसब. त्याला पकडायचं तर तो मुलांच्या हाती काय देतो ते बघावं लागतं. पहिल्याच तासाला तो हॅरीला बेझोअरबद्दल विचारतो, अपमान करण्यासाठीच विचारतो. पण उत्तरही सांगतो, बकऱ्याच्या पोटातला खडा, बहुतेक विषांवर उतारा. सहाव्या वर्षी रॉन विषारी मद्य पितो तेव्हा तोच खडा हॅरी त्याच्या घशात कोंबतो, आणि या वेळी आठवण करून दिलेली असते ती स्नेपच्याच जुन्या पुस्तकाच्या समासातल्या नोंदीने, म्हणजे पुन्हा स्नेपनेच. दुसऱ्या पुस्तकात द्वंद्वाच्या तालमीत लॉकहार्टच्या हातून छडी उडवणारा ‘एक्सपेलिआर्मस’ हॅरी प्रथम पाहतो तो स्नेपकडून. हाच मंत्र पुढे हॅरीची ओळख होतो, इतका की व्होल्डेमॉर्टची माणसं त्याला त्यावरून ओळखतात, आणि शेवटच्या लढतीतही तो दुसरा मंत्र वापरत नाही. मारणारा मंत्र न वापरता शत्रूला निःशस्त्र करणं, हे हॅरीने डंबलडोरांकडून नव्हे, या मास्तरकडून घेतलं.

या दृष्टीने सहाव्या पुस्तकातला पळून जातानाचा प्रसंग पाहा. खून करून निघालेला माणूस पाठलाग करणाऱ्या मुलाला सहज मारू शकला असता. स्नेप त्याचे शाप तोंडातून बाहेर पडायच्या आत अडवतो, हॅरीला छळणाऱ्या सोबत्याला थांबवतो आणि ओरडून सांगतो ते काय? तोंड मिटायला आणि मन मिटायला शिकेपर्यंत तू असाच अडवला जाशील. याच वर्षी वर्गात तो मुलांकडून शब्द न उच्चारता मंत्र घालण्याचा सराव करून घेत होता, आदल्या वर्षी मन मिटण्याची विद्या शिकवत होता. तोच धडा तो पळता पळताही देतो आहे. २००५ साली ज्यांनी हे लक्षात घेतलं, त्यांना सातव्या पुस्तकाची वाट पाहण्याची गरज उरली नव्हती.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हा कसला शिक्षक? नेव्हिलची सर्वांत मोठी भीती म्हणजे स्नेप. हर्मायनीचे दात शापाने वाढले तेव्हा फरक दिसत नाही असं तो सर्वांसमोर म्हणतो. हे खरं आहे आणि त्याची मी सारवासारव करणार नाही. पण आक्षेप घेणारे एक गल्लत करतात. स्नेप भला आहे, असं मी म्हणत नाही. हेतू आणि स्वभाव या निराळ्या गोष्टी आहेत. कडवट, सूडखोर माणूसही एखादं काम निष्ठेने करू शकतो. पहिल्या पुस्तकात हॅरीच्या झाडूवर क्विरेलने टाकलेला शाप तो उलटवत असतो आणि मुलांना वाटतं, शाप यानेच टाकला. दिसणं आणि करणं यांतली ही फट लेखिकेने पहिल्या पुस्तकापासून उघडी ठेवली होती. पडद्यावरच्या स्नेपमुळे आणखी एक गोष्ट विसरली गेली. ॲलन रिकमन भूमिकेला लागले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. पुस्तकातला स्नेप पहिल्या तासाला जेमतेम एकतीस वर्षांचा आहे. हॅरीच्या आईवडिलांच्या, जेम्स आणि लिलीच्या, थडग्यावरचं १९६० हे जन्मसाल पाहिलं की त्यांच्याच वर्गातल्या स्नेपचं वय निघतं. तिशीतल्या माणसाचा राग म्हणून तो पुन्हा वाचून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लेखिकेने उत्तर दिलेलं आहे, हेतू म्हणजे लिली, आता वाद कशाला? लिलीचा तर्क काही वाचकांनी फार आधी मांडला होता, त्यांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पाचव्या पुस्तकात हॅरीची मावशी पेट्युनिया ज्या वाईट मुलाचा उल्लेख करते तो जेम्स नसून स्नेप असावा, हेही काहींनी ओळखलं होतं. पण प्रेम हे स्नेपच्या वळण्याचं कारण आहे. पुढची सोळा-सतरा वर्षं तो काय करत राहिला याचं पूर्ण उत्तर त्यात नाही. सातव्या पुस्तकातल्या आठवणीच बघा. आकाशातल्या पाठलागात तो स्वतःला धोक्यात घालून लुपिनला वाचवायला जातो, नेम चुकतो आणि जॉर्जचा कान जातो. लुपिन हा त्याचा जन्माचा वैरी. त्याला वाचवून लिलीचं काय देणं फिटणार होतं? किती माणसं मरताना पाहिलीस, असं विचारल्यावर तो सांगतो की अलीकडे फक्त ज्यांना वाचवता आलं नाही तीच. आणि मुख्याध्यापकाच्या खोलीत तसबिरीतला फिनिअस हर्मायनीसाठी जातिवाचक शिवी वापरतो, तेव्हा स्नेप त्याला दटावतो. हीच शिवी एकदा त्याच्या तोंडून लिलीला गेली होती. यातून दिसतो तो पश्चात्तापातून शिस्त लावून घेतलेला माणूस. हे म्हणणं लिलीच्या विरोधात जात नाही, तिच्या पुढे जातं.

नंतरच्या मंडळींनी या शिस्तीकडे दुर्लक्ष केलं आणि खुणा शोधण्यात धन्यता मानली. पहिल्या तासाला स्नेप ॲस्फोडेलबद्दल विचारतो, फुलांच्या जुन्या संकेतांत त्याचा संबंध मृत व्यक्तीबद्दलच्या खेदाशी, म्हणून तो हॅरीकडे शोक व्यक्त करत होता, हा तर्क आता सर्वमान्य असल्यासारखा फिरतो. मला तो पटत नाही. उत्तर माहीत झाल्यावर मागे जाऊन बसवलेली ती महिरप आहे. बूच मारलेल्या मृत्यूच्या तर्काने भाकीत केलं आणि स्वतःला चुकण्याची संधी दिली. फुलाचा तर्क चुकूच शकत नाही. आज प्रत्येक मालिकेबद्दल, प्रत्येक दुष्ट गुरूबद्दल जे तर्क लढवले जातात ते बहुतेक या दुसऱ्या जातीचे आहेत. खलनायक खरा नायक, नायक खरा खलनायक, आणि पुरावा म्हणून चित्रपटातला एक कटाक्ष. सगळी पुस्तकं एकदम हाती असल्याने वाट पाहावी लागत नाही, आणि वाट पाहावी लागत नाही म्हणून पानं परत उलटावी लागत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काम तर अजून बाकी आहे. समासातल्या नोंदींचं ते काढ्यांचं पुस्तक स्नेपने वर्गाच्या कपाटात का राहू दिलं? तो त्याच वर्गात वर्षानुवर्षं शिकवत होता आणि स्लगहॉर्नला ती खोली मिळाली तेव्हाही त्याने ते उचललं नाही. पुस्तक हॅरीच्या हाती पडावं म्हणून ठेवलं, असं म्हणणं मोहक आहे, पण न्हाणीघरात ड्रेकोला रक्तबंबाळ पाहून हॅरीच्या मनात तो ज्या तऱ्हेने शोध घेतो त्यात ठरवून ठेवल्याची खूण नाही. निव्वळ विसरला म्हणावं, तर स्वतः शोधलेला जीवघेणा मंत्र ज्यात लिहिला आहे ते पुस्तक इतका काटेकोर माणूस विसरेल कसा? यावरचे जे तर्क माझ्या वाचनात आले, त्यांतला एकही दोन्ही प्रसंग एकत्र धरून उभा राहत नाही.