तंगूस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशीच्या जेटीवर किंवा दिवाळे कोळीवाड्याच्या काठी भरतीची वेळ साधून गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींत तंगुसाविषयी, म्हणजे गळाच्या नायलॉनी दोरीविषयी, जे समज दस्तुरासारखे रूढ झाले आहेत, त्यांपैकी कित्येक शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत. आणि ज्या दोरीच्या भरवशावर जिताड्यासारखा बळकट मासा ओढून काढावयाचा, तिचा गुणधर्म न जाणता केवळ ऐकीव माहितीवर विसंबणे हितावह नव्हे.

गैरसमज १ : तंगूस जितका जाड, तितका उत्तम.

वस्तुस्थिती : जाडीबरोबर बळ वाढते हे निर्विवाद, परंतु जाड तंगूस ताठर असतो, रिळावर त्याची वेटोळी पक्की बसतात, काठीच्या कड्यांशी त्याचे घर्षण अधिक होते आणि वाऱ्याचा रेटाही त्यास अधिक लागतो, सबब फेक आखूड पडते. साध्या गळात दोरीला ओढून नेण्याचे काम शिसे करते, म्हणून तेथे बारीक दोरीच लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र पिसांच्या कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसल्यामुळे दोरीच आपल्या भाराने तिला वाहून नेते. आणि म्हणूनच त्या दोरीचा क्रमांक तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो, बळावरून नव्हे.

गैरसमज २ : वेष्टनावर छापलेले बळ शेवटपर्यंत कायम राहते.

वस्तुस्थिती : नायलॉन पाणी शोषून घेते आणि भिजल्यावर त्याचे बळ साधारणतः १० ते १५ टक्क्यांनी घटते. त्याहूनही मोठी हानी गाठीत होते. साधी गाठ मारलेल्या दोरीचे बळ निम्म्यावर येऊ शकते. कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने धागा दुखावतो, यास्तव ती ओली करून सावकाश आवळावी.

गैरसमज ३ : खारे पाणी तंगूस कुजवते.

वस्तुस्थिती : वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ साली अमेरिकेत प्रथम सिद्ध केलेले नायलॉन सुतासारखे कुजत नाही. खाऱ्या पाण्याने गंजतात ते गळ आणि रिळाचे धातूचे भाग. तंगुसाचे खरे शत्रू दोन : उन्हातील अतिनील किरण, जे त्यास ठिसूळ करतात, आणि धक्क्याच्या खांबांवरील कालवांच्या धारदार कडा, कारण धाग्यावर एक बारीक चीर पडली तरी सारा ताण तेथेच एकवटतो. म्हणून मासेमारी आटोपल्यावर दोरी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवावी, शेवटचे दोन-तीन हात बोटांतून फिरवून तपासावेत आणि खरखरीत भाग निःसंकोच कापून टाकावा.

गैरसमज ४ : तुटलेला तंगूस खाडीत आपोआप नाहीसा होतो.

वस्तुस्थिती : उन्हाने ठिसूळ होणे म्हणजे नष्ट होणे नव्हे; धाग्याचे केवळ बारीक तुकडे होतात, आणि चिखलात, कांदळवनाच्या मुळांशी, जेथे ऊन पोहोचत नाही, तेथे तो दीर्घ काळ तसाच राहून पक्ष्यांच्या पायांत आणि पंखांत अडकतो. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्यास २०२२ साली रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला आहे. त्या पाण्यावर गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने तंगुसाचा तुटका तुकडा खाडीत न सोडता गुंडाळून परत न्यावा, एवढी कळकळीची विनंती.