घरामागची शेती आणि इंदूरचे खत



आपले इंदूर चारी बाजूंनी वाढत आहे. जिथे गहू, हरभरा, सोयाबीन उभे असे, तिथे आज वसाहती उभ्या आहेत. कित्येक घरांचे शेत विकले गेले, कित्येकांचे भावाभावांत वाटून तुकडे झाले. हाती राहिली ती घराची जागा आणि मागचा थोडासा परस. अशा घरातली माणसे मिस्सानंतर भेटली की विचारतात, "एवढ्या जागेत चार कोंबड्या, दोन शेळ्या पाळून आणि भाजी लावून घर स्वतःच्या पायावर उभे राहील का?"

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर आधी द्यावे आणि मग उपाय सांगावा, हे बरे.

आधी हिशोब

पाच माणसांच्या घराला वर्षाला साधारण सात क्विंटल धान्य लागते. ओलिताच्या चांगल्या जमिनीतही तेवढ्या गव्हाला सुमारे अर्धा एकर पाहिजे. दीड हजार चौरस फुटांची जागा म्हणजे एकराचा एकोणतिसावा हिस्सा, आणि त्यातही निम्मे घरच असते. तेव्हा धान्य, तेल, मीठ, डाळ बाजारातूनच येणार. पूर्ण स्वावलंबनाचे स्वप्न दाखवून कोणी महागडे पिंजरे, परदेशी बियाणे किंवा कर्ज गळ्यात मारत असेल, तर त्याच्या नादी लागू नये.

पण भाजी, अंडी, थोडे दूध, लिंबू, पपई, कढीपत्ता आणि सर्व खत एवढे घरचे होऊ शकते. मुलांच्या ताटात रोज हिरवी भाजी आणि एक दिवसाआड अंडे पडणे ही काही लहान गोष्ट नव्हे. शिवाय ज्या मुलाने पेरलेले उगवताना पाहिले, त्याचे शेतकरीपण शेत गेले तरी जात नाही.

ह्या सर्वाची सुरुवात मात्र बियाण्यापासून किंवा पिंजऱ्यापासून होत नाही. ती उकिरड्यापासून होते.

इंदूरने जगाला दिलेली विद्या

1924 साली इंदूरमध्ये होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ होते आणि रसायन विभागात त्यांचे प्रमुख सहकारी होते यशवंत वाड. ह्या दोघांनी शेतातला पालापाचोळा, तुराट्या, पऱ्हाट्या, शेण, गोठ्यातली मुतेरी माती आणि लाकडाची राख एकत्र कुजवून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसवली. 1931 साली दोघांच्या नावाने त्याविषयी पुस्तक निघाले. ही रीत "इंदूर पद्धत" म्हणून जगभर गेली. ज्या जागी हे काम झाले, तिथे पुढे आपले कृषी महाविद्यालय उभे राहिले.

उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी फिटतात, अशी आपली म्हण आहे. इंदूर पद्धतीने ते तीन महिन्यांत फिटतात.

आज इंदूर 2017 पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आले. घरोघरचा ओला कचरा गाडीने जातो आणि 2022 पासून देवगुराडियाच्या कारखान्यात त्याचा गॅस होतो. शहरासाठी हे चांगलेच आहे. पण ज्याच्याकडे परस आहे, त्याने भाजीची देठे गाडीत टाकायची आणि खताची पिशवी दुकानातून आणायची, हा उलटा व्यवहार झाला.

ढीग कसा रचावा

1. जागा सावलीची व थोडी उंच निवडावी. पावसाळ्यात खड्डा करू नये, ढीगच करावा. खड्ड्यात पाणी साचून खत सडते.

2. ढीग निदान तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट उंच असावा. त्याहून लहान ढीग तापत नाही.

3. तळाला काटक्या किंवा तुराट्यांचा थर द्यावा, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर सहा इंच पालापाचोळा व भाजीची देठे, त्यावर दोन इंच लेंड्या, कोंबड्यांची शीट किंवा शेण, वर शेळ्यांच्या पायाखालची मुतेरी माती व चिमूटभर राख. असेच थर चढवत जावे.

4. पाणी शिंपडावे. मूठभर माल दाबला तर हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये.

5. साधारण दोन आठवड्यांनी, मग पाच आठवड्यांनी आणि मग दोन महिन्यांनी ढीग वरखाली करावा. चौथ्या दिवशी आत खुपसलेली सळई काढल्यावर हाताला गरम लागली, तर काम नीट चालले आहे असे समजावे. दुर्गंधी आली, तर पाणी जास्त किंवा हवा कमी आहे. कोरडा पाला मिसळून ढीग हलवावा.

मटण-मासळीचे उरलेले तुकडे ढिगात टाकू नयेत. उंदीर व कुत्री लागतात.

आपली माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात चिकट होते. हे खत दरवर्षी घातले की ती भुसभुशीत राहते व ओल धरते. पाण्याचा विचार तर आपण केलाच पाहिजे. 1978 पासून नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर वर चढवून इंदूरला आणले जाते. ते भाजीला ओतण्याऐवजी तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वाफ्यांना द्यावे आणि न्हाणीचे पाणी केळी-पपईला.

कोंबड्या

सहा कोंबड्या पुरेत. आपल्या शेजारच्या झाबुआचा कडकनाथ प्रसिद्ध आहे; 2018 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तो अंडी कमी देतो आणि मादी उबवायला नीट बसत नाही. घरच्या अंड्यांसाठी वनराजा, ग्रामप्रिया किंवा जबलपूरची नर्मदानिधी बरी. कोंबडीमागे वर्षाला सव्वाशे अंडी धरली, तर सहांची साडेसातशे, म्हणजे रोज दोन. खाद्य मात्र कोंबडीला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम लागते, म्हणजे सहांना महिन्याला वीस किलो. निवडलेले धान्य, पाला व खरकटे ह्यांतून काही भाग निघतो, सर्व नाही. तेव्हा अंडे फुकट पडत नाही, हे लक्षात ठेवावे. वर्षाची दोन क्विंटल शीट मात्र फुकट मिळते.

पिल्लांना पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस द्यावी. लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी.

शेळ्या

शेळी ही गरिबाची गाय. पण एकटी शेळी दिवसभर ओरडते, म्हणून दोन घ्याव्यात. बांधून पाळायला बारबरी जात सोयीची. एकीला दहा-बारा चौरस फूट छप्पर व त्याच्या दुप्पट मोकळी जागा द्यावी, रोज तीन-चार किलो पाला द्यावा. कुंपणाला शेवरी, हादगा, शेवगा व थोडी सुबाभूळ लावली तर पाल्याचा बराच भार हलका होतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, केस गळतात. पाल्याची सोय नसेल, तर शेळीच्या फंदात पडू नये. कोंबड्या व भाजी पुरे. पी.पी.आर. आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकवू नये.

आरोग्य सांभाळा

जनावर घराजवळ आले की रोगही उंबऱ्याजवळ येतो. म्हणून पुढील गोष्टी घरातल्या माऊलीने व मुलांनी पाठच कराव्यात.

शेळीचे दूध उकळूनच प्यावे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिसचा ताप येतो. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. पुढेही केवळ शेळीच्या दुधावर बाळ वाढवू नये, कारण त्यात फॉलिक आम्ल फार कमी असते व रक्त कमी होते. अंडे पूर्ण शिजवावे. ताजी शीट किंवा लेंड्या पालेभाजीवर टाकू नयेत, कुजलेले खतच टाकावे. खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवावेत. मातीत काम करताना जखम झाली, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाला उशीर करू नये. पिंप व कुंड्यांच्या ताटल्या दर रविवारी रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

2020 च्या डिसेंबरअखेरीस इंदुरात कावळे मेलेले आढळले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला, हे आपण विसरू नये. खुराड्यावर जाळी ठेवावी, रानपाखरांना खाद्यावर येऊ देऊ नये. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर हात न लावता दवाखान्याला कळवावे. मेलेले पाखरू खाऊही नये, विकूही नये.

वस्तीत जनावर ठेवण्याचे नियम नगर निगमात आधी विचारून घ्यावेत. आणि शेजाऱ्याला दुर्गंधी व माश्या द्यायच्या नसतात, वर्षाकाठी चार अंडी व मेथीची जुडी द्यायची असते. शेजारप्रेमाची ती सोपी रीत आहे.

शेवटी

धन्यवादित सिस्टर राणी मारिया उदयनगरच्या परिसरात गरीब शेतकऱ्यांनी सावकाराच्या पाशातून सुटावे म्हणून झटल्या आणि त्यासाठीच 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यांनी प्राण दिले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले गेले. परसातल्या शेतीलाही त्यांचाच धडा लावावा: कर्ज काढून सुरू करू नये. पहिल्या तीन महिन्यांत फक्त खताचा ढीग, मग चार वाफे, मग कोंबड्या, आणि पाला पुरतो असे दिसले तरच शेळ्या.

प्रभू येशूच्या दाखल्यातले फळ न देणारे अंजिराचे झाड आठवा. मालक ते तोडायला निघाला, तेव्हा माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. त्या वर्षात तो करणार होता काय? भोवती खणणार होता आणि खत घालणार होता. आपल्या परसालाही तेवढेच एक वर्ष द्या.